अर्धशिशी आणि हृदयातलं छिद्र: बंद करून घ्यावं का?

ओंजळ | ३ जुलै, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी ३७ वर्षांची, सांगलीत शाळेत शिकवते. अर्धशिशी नववीत असल्यापासून आहे आणि माझी सुरुवात डोक्यापासून न होता डोळ्यांपासून होते. गेल्या महिन्यातलंच सांगते. वह्या तपासत होते, 'महाराष्ट्र' या शब्दातला मधला 'रा' दिसेना. वही हलवून पाहिली, चष्मा पुसला. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेने करवतीच्या दात्यांसारखी चमचमती रेघ उमटली आणि हळूहळू डावीकडे पसरत गेली. डोळे मिटले तरी दिसतच होती. वीस-पंचवीस मिनिटांनी ती विरली आणि उजव्या कानशिलात घण पडायला लागले. पुढे उलट्या, अंधारी खोली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात त्राण नाही.

आता मुद्दा. पित्ताशयातले खडे काढायचे म्हणून फिटनेससाठी टू-डी एको केला, त्यात 'लहान पीएफओ', म्हणजे हृदयातलं छिद्र, असं आलं. ऑपरेशन सुखरूप झालं. नंतर तो रिपोर्ट एका हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला, तर म्हणाले, "तुमच्या मायग्रेनचं मूळ हेच. छोटं बटण बसवून छिद्र बंद करू, डोकेदुखी जाईल." आठवड्यात निर्णय कळवायला सांगितलंय.

घरात तेव्हापासून दुसरा विषय नाही. 'हृदयाला भोक' एवढंच ऐकून सासूबाई नवस बोलून आल्या. हे म्हणतात, जायचीच असेल डोकेदुखी तर करून टाकू. मला मात्र उलगडत नाही. मी तीन मजले न थांबता चढते, दोन बाळंतपणं झाली, कधी दम लागला नाही. मग हृदयाला छिद्र असेल तर ते आजवर गप्प कसं? आणि त्याचा डोक्याशी संबंध काय? कुणाला अनुभव असेल, माहिती असेल तर सांगा. मन फार अस्वस्थ आहे.


तिन्हीसांजा | ३ जुलै, रात्री १०.४०

ओंजळताई, ती करवतीची रेघ वाचून अंगावर काटा आला. अगदी हेच मला कॉलेजपासून होतंय आणि इतकी वर्षं मी ते कुणाला नीट सांगू शकले नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीन वेळा जाऊन आले, डोळे दरवेळी ठणठणीत.

छिद्राचं मला काही माहीत नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.


दवाखानेवाला | ३ जुलै, रात्री ११.५५

ओंजळताई, आधी एक गोष्ट: आज रात्री शांत झोपा. तुमच्या रिपोर्टात घाबरण्यासारखं काही नाही आणि आठवड्यात ठरवायलाच हवं असंही काही नाही.

मी एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी वीस-बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. हृदयाचा किंवा मेंदूचा तज्ज्ञ नाही, पण मायग्रेनचे पेशंट रोज बघतो.

पीएफओ म्हणजे पेटंट फोरामेन ओव्हेल. त्याला 'भोक' म्हटलं की डोळ्यांसमोर फाटलेलं हृदय येतं, म्हणून तो शब्द मी पेशंटसमोर वापरत नाही. बाळ पोटात असताना त्याची फुप्फुसं श्वास घेत नसतात, प्राणवायू वारेतून नाळेवाटे येतो. ते ताजं रक्त फुप्फुसांच्या वळशाला न जाता थेट हृदयाच्या उजव्या अलिंदातून (वरच्या कप्प्यातून) डाव्या अलिंदात जावं म्हणून मधल्या पडद्यात निसर्गाने एक वाट ठेवलेली असते. वाटेवर डाव्या बाजूने एक पातळ पापुद्रा असतो. बाळ जन्मलं, पहिलं रडलं, फुप्फुसं उघडली की डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि पापुद्रा पडद्यावर दाबून बसतो. पुढच्या काही महिन्यांत तो बहुतेकांत चिकटून जातो. काहींत चिकटत नाही. दार लोटलेलं असतं, कडी लागलेली नसते, एवढाच फरक. एरवी बंदच. खोकलो, कुंथलो, जड वजन उचललं की उजवा दाब क्षणभर वाढतो आणि दार किलकिलं होऊन थोडं रक्त पलीकडे जातं. त्यामुळे दम लागत नाही, बाळंतपणात अडत नाही, गड चढता येतो.

असं कडी न लागलेलं दार किती जणांत असतं? १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ९६५ मृतदेहांच्या हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २७ टक्क्यांहून थोड्या जास्त हृदयांत ते होतं. म्हणजे ढोबळमानाने चारांतल्या एकात.

आता हिशेब बघा. लग्नाच्या कार्यालयात ४०० माणसं जेवायला बसली आहेत. त्यांतल्या १०० जणांना पीएफओ. मायग्रेन सातांतल्या एकाला धरलं तर ५७ जणांना मायग्रेन. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसला तरी १४ जण दोन्ही घेऊनच पंगतीत बसलेले असणार. त्या चौदांतल्या कुणाचाही एको केला तर 'सापडलं मूळ!' असं वाटणं साहजिक आहे. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं असू शकतं.

पण संबंध अजिबातच नाही असंही म्हणता येत नाही. तुम्हाला जी रेघ दिसते तिला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या मायग्रेनच्या पेशंटमध्ये पीएफओ साधारण निम्म्या जणांत सापडतो, असं अनेक दवाखान्यांतल्या अभ्यासांनी दाखवलं. १९९९ च्या एका इटालियन अभ्यासात ऑरावाल्यांत ४८ टक्के, ऑरा नसलेल्या मायग्रेनवाल्यांत २३ आणि मायग्रेन नसलेल्यांत २० टक्के, असे आकडे आले. याउलट न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमध्ये दवाखान्यात आलेले पेशंट न घेता वस्तीतले ११०१ लोक तपासले, तेव्हा मायग्रेन असलेल्या-नसलेल्यांत पीएफओचं प्रमाण सारखंच निघालं, दोन्हीकडे १५ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे नातं असलंच तर ते ऑरापुरतं आहे, आणि तेही किती घट्ट यावर अजून वाद आहे.

बंद करण्याबद्दल उद्या लिहितो. तोवर मला एवढं सांगा: महिन्यात किती दिवस दुखतं आणि किती दिवस गोळी घेता? कुठली? दुसऱ्या कशासाठी रोजचं औषध चालू आहे का? बीपी किती असतं? ऑराच्या वेळी हाताला मुंग्या किंवा बोलताना अडखळणं होतं का?


लेस्टरकर | ४ जुलै, पहाटे ३.२०

डॉक्टरांनी पाया छान घातलाय. 'बंद केलं की डोकेदुखी जाते' ही कल्पना आली कुठून, ते मी सांगतो. बायकोच्या मायग्रेनपायी हे सगळं मी खणून काढलं होतं.

इथे इंग्लंडमध्ये श्रूसबरीला पीटर विल्म्सहर्स्ट नावाचे हृदयतज्ज्ञ होते. खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्यांचा त्यांचा खास अभ्यास. वर येताना काही पाणबुड्यांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. एरवी ते शिरांतून फुप्फुसात येऊन गाळले जातात. पीएफओ असला की पलीकडे निसटून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून अशा लोकांचे पीएफओ ते बंद करत. नंतर तपासणीला आलेले लोक आपणहून सांगू लागले की डॉक्टर, माझं जुनं मायग्रेन गेलं. २००० साली त्यांनी हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आधी मायग्रेन असलेल्या २१ जणांपैकी १० जणांचं थांबलं होतं, ८ जणांचं कमी झालं होतं.

वाचून कुणालाही उभारी येईल. पण ह्या सगळ्यांना ठाऊक होतं की आपल्यावर मोठा उपचार झालाय. मायग्रेन हा असा आजार आहे की नुसत्या आशेनेही काही महिने कमी होतो. म्हणून मग मिस्ट नावाची चाचणी झाली. १४७ पेशंट, सगळ्यांना भूल दिली, सगळ्यांच्या जांघेत छोटा छेद घेतला. ७४ जणांना बटण बसवलं, ७३ जणांना काहीच बसवलं नाही. कुणाला काय झालं हे पेशंटला माहीत नाही. २००८ मध्ये निकाल छापला: बटणवाल्यांत ३ जणांचं मायग्रेन पूर्ण थांबलं, नुसता छेद घेतलेल्यांतही ३ जणांचंच.

यापुढची गोष्ट मला जास्त भिडते. विल्म्सहर्स्ट स्वतः या चाचणीतले एक प्रमुख होते. पुष्कळ पेशंटमध्ये छिद्र नीट बंद झालेलंच नाही आणि आकडे जसे मांडायला हवेत तसे मांडलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या लेखावर त्यांनी सही केली नाही. परिषदेत जाहीरपणे बोलले म्हणून बटण बनवणाऱ्या बोस्टनच्या एनएमटी मेडिकल कंपनीने त्यांच्यावर लंडनच्या कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला. माणूस वर्षानुवर्षं लढला. २०११ मध्ये कंपनीच गुंडाळली गेली तेव्हा खटला संपला. इंग्लंडचा बदनामीचा कायदा २०१३ मध्ये बदलला, त्याआधीच्या चळवळीत त्यांचं उदाहरण सारखं दिलं जायचं. ज्याने हा उपाय शोधला म्हणावं, तोच त्याच्या आकड्यांसाठी घरदार पणाला लावून उभा राहिला. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस संस्थेने २०१० मध्येच सांगितलंय की मायग्रेनसाठी पीएफओ बंद करण्याच्या उपयोगाचा पुरावा अपुरा आहे. करायचंच असेल तर विशेष देखरेखीत किंवा संशोधनात करा. बायकोला इथल्या न्यूरॉलॉजिस्टने पहिल्याच भेटीत हे समजावलं.


ओंजळ | ४ जुलै, सकाळी ६.४५

रात्री खरंच झोप लागली. डॉक्टर आणि लेस्टरकर, दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना सकाळी 'लोटलेलं दार' सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

उत्तरं: पूर्वी वर्षातून दोन-तीनदाच ती रेघ दिसायची. फेब्रुवारी-मार्चपासून महिन्यातून दोनदा तरी दिसते. डोकं तर आता एक दिवसाआड दुखतं. मेडिकलमधून पॅरासिटामॉल आणि आणखी काहीतरी मिसळलेली गोळी आणते. गेल्या महिन्यात मोजल्या तर १७-१८ दिवस घेतली असेल. बीपी १२६/८०. एकदा, मे महिन्यात, डाव्या हाताच्या बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या आल्या होत्या, अर्ध्या तासात गेल्या.

रोजचं औषध म्हणजे पाळीत खूप रक्तस्राव होतो म्हणून फेब्रुवारीपासून हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, २१ दिवसांच्या पाकिटातल्या. तो बायकांच्या डॉक्टरांचा विषय म्हणून मीही त्याबद्दल काही बोलले नाही आणि हृदयाच्या डॉक्टरांनीही विचारलं नाही.


दवाखानेवाला | ४ जुलै, सकाळी ७.३०

ओंजळताई, ओपीडीला निघायच्या आधी घाईने लिहितोय. पीएफओ बाजूला ठेवा. आज, शक्य तितक्या लवकर, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा आणि एवढंच सांगा: "मला ऑरा असलेलं मायग्रेन आहे, नववीपासून."

२१ दिवसांच्या पाकिटातल्या गोळ्यांत बहुतेक एस्ट्रोजेन असतं. ऑरावाल्या मायग्रेनमध्ये पक्षाघाताचा धोका मुळात किंचित जास्त असतो. एस्ट्रोजेनमुळे तो आणखी वाढतो, सिगरेट असेल तर त्याहून. तुमच्या वयाच्या निरोगी बाईत हा धोका आकड्याने लहानच आहे, त्यामुळे घाबरू नका. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात ऑरा असलेल्या स्त्रीसाठी अशा एस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या 'वापरू नयेत' या गटात आहेत. तुमचा ऑरा फेब्रुवारीनंतर वाढला, हे त्यातच आलं. गोळ्या कधी आणि कशा थांबवायच्या, रक्तस्रावासाठी एस्ट्रोजेन नसलेलं काय द्यायचं, हे त्याच ठरवतील. त्यांनाही दोष देऊ नका. आपल्याकडे पाळीबद्दल विचारताना डोकेदुखीचं कुणी विचारत नाही आणि डोकेदुखीचं विचारताना पाळीचं.

दुसरं. महिन्यात १७-१८ दिवस गोळी ही स्वतःच डोकेदुखी आहे. साध्या वेदनाशामकांचे १५ दिवस, मिश्र वेदनाशामक गोळ्या किंवा ट्रिप्टानचे (मायग्रेनवरच्या खास गोळ्यांचे) १० दिवस ओलांडले आणि असं तीन-चार महिने चाललं की मेंदू गोळीला सरावतो. गोळीचा असर उतरला की दुखणं परत येतं. पेशंट म्हणतो मायग्रेन वाढलं, आणि आणखी गोळी घेतो.

मुंग्या बोटांपासून ओठांपर्यंत हळूहळू सरकणं हा ऑराचाच प्रकार. पण अचानक, एका क्षणात हात गळून पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडलं तर ऑरा समजून वाट बघत बसू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.


उंबरठा | ४ जुलै, दुपारी १.०५

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमच्याकडे छिद्र बंद केलंय, पण कारण वेगळं.

तीन वर्षांपूर्वी ह्यांना ४१ व्या वर्षी पक्षाघात झाला. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला, उचलायला गेले तर बोटं वळेनात. नशिबाने वेळेत पोचलो. बीपी नाही, साखर नाही, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. मानेच्या रक्तवाहिन्या, हृदयाचे ठोके, रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, कारण सापडेना. शेवटी घशातून नळी घालून एको केला तेव्हा मोठा पीएफओ दिसला. पायाच्या शिरेतली गुठळी त्या वाटेने पलीकडे जाऊन मेंदूत अडकली असावी, असा निष्कर्ष न्यूरॉलॉजिस्ट आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांनी मिळून काढला.

जांघेच्या शिरेतून तार नेऊन जाळीच्या दोन चकत्या बसवल्या, एक पडद्याच्या अलीकडे, एक पलीकडे. तासाभरात बाहेर आले, दुसऱ्या दिवशी घरी. पुढे दोन महिने छातीत मधूनच फडफडायचं, त्यासाठी औषध घ्यावं लागलं. आता कामावर जातात, सही पूर्वीसारखी येते.

आमच्यासाठी तो निर्णय योग्य होता. ओंजळताई, तुमची गोष्ट आमच्यासारखी नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. पीएफओ म्हटला की दोन्ही प्रकरणं एकाच टोपलीत टाकली जातात.


दवाखानेवाला | ४ जुलै, रात्री ९.१५

उंबरठाताई, फार मोलाचं लिहिलंत. कारण न सापडलेल्या पक्षाघातानंतर, साठीच्या आतल्या माणसात पीएफओ बंद करण्याला आता भक्कम आधार आहे. २०१७ मध्ये छापलेल्या क्लोज नावाच्या फ्रेंच चाचणीत बंद केलेल्या २३८ जणांत पाच वर्षांत एकालाही परत पक्षाघात झाला नाही. नुसत्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवरच्या २३५ जणांत १४ जणांना झाला. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास मात्र बंद केलेल्यांत जास्त, ४.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ०.९. तुमच्या यजमानांना झालेली फडफड त्याच जातीची असावी. पक्षाघात टाळायचा असेल तर हा सौदा परवडतो. डोकेदुखीसाठी तोच धोका पत्करायचा का, हा प्रश्न वेगळा.


कातळशिल्प | ५ जुलै, सकाळी १०.३०

थोडा विरोधी सूर लावतो. मी इंजिनिअर, वैद्यकातला नाही, पण मला स्वतःला ऑरा आहे आणि मी हे पेपर वाचलेत.

मिस्टनंतर दोन चाचण्या आल्या. प्रिमा २०१६ मध्ये, १०७ पेशंट. प्रीमियम २०१७ मध्ये, २३० पेशंट. मुख्य कसोटीवर दोन्ही नापास, मान्य. प्रीमियममध्ये निम्म्याने आराम पडलेले बटणवाल्यांत ३८.५ टक्के, दुसऱ्या गटात ३२, म्हणजे फरक नगण्य. पण त्याच चाचणीत मायग्रेन पूर्ण थांबलेले बटणवाल्यांत ८.५ टक्के आणि दुसऱ्या गटात १ टक्का. नंतर दोन्ही चाचण्यांची माहिती एकत्र केली तेव्हाही ९ टक्के विरुद्ध ०.७ असंच आलं. ज्यांच्या अटॅकमध्ये ऑरा वारंवार असे, त्यांच्यात फरक जास्त.

ज्याचं आयुष्य या दुखण्याने अर्धं खाल्लंय, त्याला बारांतली एक संधीही सोन्यासारखी वाटते. 'काही उपयोग नाही' असं म्हणून दार लावून घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.


दवाखानेवाला | ५ जुलै, दुपारी ३.४०

तुमचा मुद्दा रास्त आहे आणि आकडे बरोबर आहेत. माझंही मत 'उपयोग शून्य' असं नाही. काही थोड्या लोकांत छिद्र हे खरंच मायग्रेनचं कारण असावं. अडचण अशी की ते थोडे कोण, हे आधी ओळखता येत नाही. एक बरा व्हावा म्हणून अकरा-बाराजणांच्या हृदयात कायमची जाळी बसवायची, त्यांना महिनोन् महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या द्यायच्या, हे मला आज पटत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये पीएफओच्या बटणाला मंजुरी दिली ती पक्षाघात परत होऊ नये म्हणून, मायग्रेनसाठी नाही.

समजा, प्रतिबंधक औषधं नीट, पुरेशा मात्रेत, दोन-तीन महिने घेऊन पाहिली. प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, टोपिरामेट, अमिट्रिप्टिलिन, गरज पडली तर सीजीआरपी या मायग्रेनशी संबंधित रसायनाला रोखणारी नवी इंजेक्शनं. आणि तरीही ऑरा हटत नाही, छिद्रही मोठं आहे, असा कुणी समोर आला तर त्याच्याशी बंद करण्याबद्दल मी मोकळेपणाने बोलेन. ओंजळताईंनी यातलं एकही औषध अजून घेतलेलं नाही.


तिन्हीसांजा | ५ जुलै, संध्याकाळी ७.०५

डॉक्टर, एक भाबडा प्रश्न. थोडं रक्त फुप्फुसांना वळसा घालून गेलं तर डोळ्यांपुढे रेघ का यावी?


दवाखानेवाला | ५ जुलै, रात्री ११.२०

प्रश्न अजिबात भाबडा नाही, याच्यावरच सगळी मांडणी उभी आहे.

फुप्फुसं म्हणजे शरीराची गाळणी. शिरांतून येणाऱ्या बारीक गुठळ्या तिथे अडतात, विरघळतात. सेरोटोनिनसारखी रसायनंही तिथेच बरीचशी मोडली जातात. वाट चुकवून हे पलीकडे गेलं तर थेट मेंदूत. १९४४ मध्ये ब्राझीलच्या लेआओ यांनी सशांच्या मेंदूत दाखवलं होतं की मेंदूच्या पृष्ठभागावरून विजेची एक लाट अगदी सावकाश, मिनिटाला काही मिलीमीटर सरकते आणि मागे तो भाग काही काळ मूक होतो. तुमची रेघ वीस मिनिटं घेत पसरते, कारण दृष्टीच्या भागावरून ती लाट त्याच गतीने सरकत असते. २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात अतिसूक्ष्म कण आणि हवेचे बुडबुडे सोडले, तेव्हा काही उंदरांत मेंदूला इजा न होताही ती लाट उठली. कॅनडातल्या एका चाचणीत, अलिंदांमधलं खरं भोक बंद केल्यावर नव्याने उठणारं मायग्रेन क्लोपिडोग्रेल हे रक्तबिंबिकांना (प्लेटलेट्सना) रोखणारं औषध दिल्याने कमी झालं. म्हणजे रक्तबिंबिकांचा कुठेतरी हात आहे.

मनाला पटणारी साखळी आहे. पण माझ्या मनात एक आडकाठी राहतेच. छिद्र जन्मापासून असतं. मग मायग्रेन नववी-दहावीत का सुरू होतं, पाळीच्या आसपास का वाढतं, बायकांत पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट का, आणि पाळी गेल्यावर बहुतेकींचं का ओसरतं? छिद्र तर तिथेच असतं. फार तर ते ठिणगी पाडत असेल. बारूद मेंदूतच आहे आणि बहुतेक आईबापांकडून आलेली आहे.


खोलपाणी | ६ जुलै, रात्री ८.५०

लेस्टरकरांनी पाणबुड्यांचं लिहिलं म्हणून लॉगिन केलं. मी मालवणचा, बारा वर्षं समुद्रात तेलाच्या फलाटांवर पाणबुड्याचं काम केलं. २०१६ मध्ये वेळापत्रक पाळून वर आलो तरी तासाभरात अंगावर निळे-लाल चट्टे उठले, डोकं गरगरायला लागलं, उजवा पाय जड. दाबाच्या चेंबरमध्ये ठेवलं, पाच तासांनी पाय हलका वाटला. नंतर तपासलं तर मोठा पीएफओ. काम सोडायचं नव्हतं म्हणून बंद करून घेतला.

मला विशीपासून ऑरा होता. बंद केल्यानंतर पहिले दोन महिने उलट वाढला, मग कमी होत गेला, आता दोन वर्षांत एकदाच दिसला. बटणामुळे की वयामुळे की रात्रपाळी सुटल्यामुळे, खात्रीने सांगता येत नाही. वर्षभर ॲस्पिरिनही चालू होती.

तारकर्लीला हौसेने स्कूबा करणाऱ्यांनी घाबरू नये. ते थोडा वेळ उथळ पाण्यात असतात. पण पक्षाघात झालेला असेल किंवा ऑरा वारंवार येत असेल तर फॉर्मवर खरं लिहा. पाण्याखाली ऑरा आला तर गेज वाचता येत नाही.


ओंजळ | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, पुढचं सांगणं माझं काम आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्या गोळ्या बंद केल्या आणि गर्भाशयात बसवायचं, एस्ट्रोजेन नसलेलं साधन बसवलं. मग मिरजेला एका न्यूरॉलॉजिस्टांकडे गेले. त्यांनी वेदनाशामक एकदम थांबवायला सांगितलं आणि प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. पहिले बारा दिवस फार वाईट गेले. शाळेतून रजा काढली, ह्यांनी मुलांचे डबे केले. आईने लहानपणी लावायची तसा सुंठेचा लेप लावून, कपाळाला फडकं घट्ट बांधून झोपायचे. त्याने दुखणं जात नव्हतं, पण तिचा हात आठवायचा आणि तास निघायचा.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करते. दुखलं तर निळी, रेघ दिसली तर लाल, गोळी घेतली तर गोल. जुलैत १६ निळ्या आणि दोन लाल. सप्टेंबरमध्ये पाच निळ्या, लाल एकही नाही. ऑक्टोबरमध्ये आजवर दोन निळ्या, एक लाल. गोल तीन.

पीएफओसाठी त्यांनीच बबल टेस्ट करून घ्यायला सांगितली, म्हणजे मनात किंतु नको. दंडाला सुई लावली. दोन सिरिंज एका तोटीला जोडून सलाईन आणि चिमूटभर हवा इकडून तिकडे जोरात ढकलत राहिले, तोवर ते पातळ ताकासारखं झालं. "आता कुंथा, धरा, धरा... सोडा!" पडद्यावर हृदयाची उजवी बाजू पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली. डावी काळीच होती. मग दोन ठोक्यांनंतर तिथे चार-पाच ठिपके चमकून गेले. "हाच तुमचा पीएफओ," डॉक्टर म्हणाल्या. इतक्या चार-पाच ठिपक्यांसाठी नवस बोलला होता आम्ही. सासूबाईंनी तो फेडलासुद्धा, देवीला साडी नेसवून आल्या.

बटण बसवलं नाही. फाईलवर मात्र मोठ्या अक्षरांत लिहून घेतलंय: ऑरा असलेलं मायग्रेन, लहान पीएफओ, एस्ट्रोजेन नको.

आणि आमच्या थोरलीला, ती आठवीत आहे, परवा फळ्यावरचं अक्षर मधूनच गायब झालं. ती घाबरली नाही. घरी येऊन म्हणाली, "आई, मला तुझी रेघ दिसली." तिच्यासाठी दिवाळीनंतरची वेळ घेतलीय.


तिन्हीसांजा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.५८

ताई, वाचून डोळे भरून आले. लेकीला जवळ घ्या. माझी पण बबल टेस्ट आहे पुढच्या आठवड्यात. उपाशी जावं लागतं का?


ओंजळ | १९ ऑक्टोबर, रात्री १०.०४

छातीवरून करणार असतील तर नाही, मी पोहे खाऊन गेले होते. घशातून नळी घालणार असतील तर मात्र काही तास उपाशी राहायला सांगतात, आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. आणि सैल बाह्यांचा ब्लाउज किंवा कुर्ता घाला, सुईला दंड मोकळा लागतो.